हरवलेली झोप

एखाद-दुसऱ्या रात्री झोप न लागणे ही सामान्य बाब होय. परंतु तरुण वयात झोप सतत उडू लागली, माणूस एकलकोंडा झाला, इतरांना न ऐकू येणारे आवाज त्याला ऐकू येऊ लागले किंवा तो अकारण संशय घेऊ लागला, तर ती सायकोसिस या तीव्र मनोविकाराची सुरुवात असू शकते.

या आजाराच्या आरंभीच्या काळात आत्महत्येचा धोका विशेष असतो. अपुऱ्या झोपेने मन थकते, निराशा गडद होते आणि रात्रीच्या वेळी सोबतीला कोणी जागे नसते. म्हणून झोपेची तक्रार डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तिच्यावर उपचार आहेत. ‘मरणाचे विचार मनात येतात का?’ असे आपुलकीने विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते.

‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणाची व त्याच्या बहिणीची व्यथा मराठी प्रेक्षकांपुढे मांडली. अशा कुटुंबांना आज मदत उपलब्ध आहे. जबलपूरच्या गोरखपूर भागातील कुटुंबाला शहरातीलच नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार मिळू शकतात. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते. धोका तातडीचा वाटल्यास रुग्णाला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही अशा व्यक्तीला शिक्षेऐवजी उपचार व आधार देण्याची जबाबदारी शासनावर सोपवली आहे.

पाठगत प्रश्न
१. झोपेची तक्रार डॉक्टरांना का सांगावी?
२. आपल्या घरी किंवा शेजारी अशी व्यक्ती असल्यास तुम्ही कोणती मदत कराल?