पोलीस भरतीचं मैदान आणि व्यायाम शरीरक्रियाशास्त्राचा पहिला तास



भोकरमध्ये पहाटे पाचला उमरी रस्त्याने फिरायला निघालात, तर अंधारात पळणारी मुलं-मुली भेटतील. बहुतेकांचं ध्येय एकच, पोलीस भरती. त्यातलीच काही दहा-अकरा वाजता पदवीच्या वर्गात आपल्यासमोर बसलेली असतात. असाच एक जण मला म्हणाला, "सर, रोज जीव तोडून पळायलो, पण टाइमिंग काही कमी होईना." तेव्हापासून या विषयाचा पहिला तास मी त्याच्या या प्रश्नावरच घेतो.

व्यायाम करताना शरीरात लगेच कोणते बदल होतात आणि रोजच्या सरावाने टिकाऊ बदल कोणते होतात, याचा अभ्यास म्हणजे व्यायाम शरीरक्रियाशास्त्र. व्याख्या एवढीच. पुढचं सगळं मैदानावर शिकवता येतं.

तीन चाचण्या, ऊर्जेचे तीन मार्ग

भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. वर्गात विचारा, "गोळा फेकताना धाप लागत नाही, १६०० मीटरला का लागते?" मुलं विचारात पडतात. मग सांगा.

स्नायूला थेट चालणारं इंधन एकच, एटीपी. त्याचा साठा दोन-तीन सेकंदांत संपतो, म्हणून तो सतत नव्याने तयार करावा लागतो. त्याचे मार्ग तीन :

१. क्रिएटिन फॉस्फेट : सर्वांत झटपट, पण साधारण दहा सेकंद पुरणारं. गोळाफेक पूर्णपणे आणि १०० मीटर बऱ्याच अंशी याच्या जोरावर.

२. ऑक्सिजनशिवाय साखरेचं विघटन : हेही जलद. मिनिट-दोन मिनिटांच्या जोरदार धावण्यात याचा वाटा मोठा. यात लॅक्टेट तयार होतं.

३. ऑक्सिजनच्या मदतीने साखर आणि चरबी वापरणे : वेग कमी, पण बराच वेळ टिकणारं.

तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात, फक्त प्रमाण बदलतं. १६०० मीटर धावायला पाच-सहा मिनिटं लागतात. त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त ऊर्जा तिसऱ्या मार्गाने येते. मुलींच्या ८०० मीटरमध्येही निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच.

आता त्या मुलाचं उत्तर सापडतं. तो रोज पूर्ण जोर लावून पळत होता. त्यामुळे लवकर थकायचा, एकूण धावणं कमी व्हायचं आणि दमलेलं शरीर सावरायच्या आत दुसरी पहाट उजाडायची. ऑक्सिजनचा मार्ग बळकट होतो तो सावकाश, जास्त वेळ धावण्याने. सोबतच्या मित्राशी बोलता येईल एवढाच वेग बहुतेक दिवस ठेवायचा. जोराचा सराव आठवड्यातून एक-दोनदा पुरे. त्याला हे पटायला वेळ लागला, कारण हळू पळणं म्हणजे आळस, असं त्याच्या मनात पक्कं होतं.

वर्गात करायचा प्रयोग

उपकरण काही लागत नाही, सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरे. मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणायची. एकदा बसून, मग तीन मिनिटं पायरी चढ-उतार केल्यावर लगेच, आणि नंतर एक मिनिट थांबून. आजारी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या विद्यार्थ्याला मोजणीचं काम द्या.

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. जोराच्या व्यायामात साधारण तरुणाचं वीस लिटरपर्यंत जातं. सरावाने हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त जाऊ लागतं, म्हणून बसल्या जागी नाडी मंद होते आणि व्यायामानंतर लवकर खाली येते. ही सुधारणा मुलं स्वतःच्या वहीत पाहू शकतात.

एक गैरसमजही इथेच दूर करा. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्याने नव्हे. लॅक्टेट तास-दीड तासात ओसरतं. दुखतं ते सवय नसलेल्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. ती विश्रांतीत आणि झोपेत भरून निघते. सराव शरीराला फक्त निरोप देतो, बांधकाम रात्री होतं.

हे का शिकवायचं?

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुणांचे प्राण गेले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आलं. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग हालचालीसाठी लागतो, बाकीची उष्णता होते. ती मुख्यतः घाम वाळल्याने बाहेर पडते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी दुपारी सराव नकोच. उन्हाची सवय व्हायलाही दहा-चौदा दिवस लागतात. पळताना कुणी अडखळलं, असंबद्ध बोललं, तर लगेच थांबवा, सावलीत घ्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि दवाखान्यात न्या. छातीत दुखलं तर एक क्षणही वाट पाहू नका.

पालकांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मुलगी लवकर धापा टाकत असेल, तर "हिच्यात दमच नाही" म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

गृहपाठ : विद्यार्थ्यांनी महिनाभर सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच नाडी मोजून लिहावी. एखाद्या दिवशी ती नेहमीपेक्षा बरीच जास्त आली, तर त्या दिवशी जोराचा सराव टाळावा. हा गृहपाठ शिक्षकांनी आणि पालकांनीही करून पाहायला हरकत नाही.