हलकं रान सुधारायचं, तर एकरी खर्च किती?

बीड-धाराशिवकडच्या बालाघाटाच्या उतारावर मुरमाड रानं पुष्कळ. पावसाने आठ दिवस ओढ दिली की तिथलं पीक माना टाकतं. कृषी सेवा केंद्रात गेलं की अशा रानासाठी जिवाणूंची बाटली पुढे केली जाते. बाटली वाईट नाही. पण जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ लागतो आणि तोच रानात नसेल तर ते टिकत नाहीत. म्हणून आधी खाद्य, मग जिवाणू, या क्रमाने पैसे घाला. इथे एक एकर सोयाबीनचा हिशेब दिला आहे. भाव गावागणिक बदलतात, तेव्हा रुपये अंदाजापुरते धरा.

माती परीक्षण : काहीशे रुपये
उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी सात-आठ ठिकाणची सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. अहवालात सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांखाली असेल तर रान उपाशी आहे असं समजा.

शेणखत : 8 ते 12 हजार रुपये
एकरी 5 टन, म्हणजे साधारण दोन ट्रॉल्या. ट्रॉलीचा आकार फसवा असतो, म्हणून जमेल तर वजनावर सौदा करा. चांगलं कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं. त्याला शेणाचा वास येत नाही आणि ढिगात हात घातला तर ऊब लागत नाही. कच्च्या खतातून हुमणी आणि तणाचं बी रानात येतं.

5 टन शेणखतात नत्र जेमतेम 25 किलो. 266.50 रुपयांच्या युरियाच्या गोणीतही 20 किलोच्या वर नत्र असतं. तेव्हा शेणखत नत्रासाठी नव्हे, कर्बासाठी घ्यायचं. कर्बामुळे मुरमाड रानात ओल टिकते आणि जिवाणूंना आसरा मिळतो.

कमी खर्चाचे पर्याय
- मेंढ्या बसवणे : लेंडी आणि मूत थेट रानात पडतं, वाहतूक वाचते. रात्रीचा दर मेंढ्यांच्या संख्येवर आधीच ठरवा.
- ताग : एकरी 20 ते 25 किलो बियाणं, म्हणजे दोन-अडीच हजार रुपये. फुलोऱ्याआधी, 45 ते 50 दिवसांत गाडा. गाडण्याची मजुरी वेगळी, आणि कोरडवाहू रानात एक हंगाम जातो, तोही खर्चात धरा.
- गिरीपुष्प : बांधावर फाटे लावा. एकदा जगलं की दर वर्षी हिरवा पाला फुकट मिळतो.

जिवाणू : 500 ते 800 रुपये
30 किलो सोयाबीन बियाण्याला 250 ग्रॅमची रायझोबियमची तीन आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची तीन पाकिटं पुरतात. रायझोबियम सोयाबीनचंच घ्या; हरभऱ्याचं इथे चालत नाही. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. 2 किलो ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी 200 किलो ओलसर शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा आणि मग रानात पसरा.

फसवणूक टाळा
जिवाणू खत हे खत नियंत्रण आदेशाखाली येतं. पावडरीत ग्रॅमला किमान 5 कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. वेष्टणावर पिकाचं नाव, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख पाहा. ट्रायकोडर्मावर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक हवा. उन्हात ठेवलेला माल घेऊ नका, पक्कं बिल सोडू नका. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या कृषी विद्यापीठांकडेही जिवाणू खतं मिळतात.

एकूण हिशेब
पहिल्या वर्षी एकरी 9 ते 13 हजार रुपये. एवढ्याने रान एका वर्षात पालटेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन सुमारे 9 लाख किलो भरतं. तिथे कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा तर 900 किलो कर्ब मातीत टिकावा लागतो. आपल्या उन्हात खतातला बराचसा कर्ब हवेत उडून जातो. म्हणून दर वर्षी थोडं थोडं घालत राहावं लागतं.

पैसे कमी असतील तर अर्ध्या एकराला पूर्ण मात्रा द्या, उरलेल्याला पुढच्या वर्षी. आणि सोयाबीनचं भुसकट पेटवू नका. ते कुजवून रानालाच परत द्या. ते विकत घ्यावं लागत नाही.