जर्मनीस शिक्षणासाठी निघालेल्यांस : स्थायिक खानदेशी कुटुंबांच्या सूचना

दोंडाईचा, शिंदखेडा, शहादा या टापूतील जी मुलेमुली आता उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघू लागली आहेत, त्यांच्या हाती काही लेखी असावे, या हेतूने तेथे स्थायिक झालेल्या आपल्याकडील तीन कुटुंबांकडून आम्ही मजकूर मागविला. ज्यास जे महत्त्वाचे वाटले ते त्याने लिहिले. म्हणून घर व नोंदणी यांविषयी येथे विपुल आढळेल आणि नोकरीविषयी फारच थोडे. गावी मिरचीचा सौदा शब्दावर होतो, आणि नगरपालिकेच्या कचेरीत गेलेल्या मुलास ‘कोणाचा रे तू?’ असे विचारून बसावयास सांगितले जाते. परंतु तेथे तुमचे घराणे कोणास ठाऊक नाही, तेथे तुमची ओळख म्हणजे तुमचा कागद व त्यावरील तारीख, ही गोष्ट तिघांपैकी दोघांच्या लिखाणात या ना त्या रूपाने आली आहे आणि आम्हांस ती सर्वांत मोलाची वाटते.

आखन येथील एक अभियंते लिहितात :

नोव्हेंबर 2022 पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांस व्हिसासाठी ए.पी.एस. प्रमाणपत्र लागते. प्रवेशपत्राची वाट न पाहता त्यासाठी अर्ज करावा. निर्वाहाची हमी म्हणून ‘श्पेरकोन्टो’ या बंद खात्यात सध्या वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात व त्यांतून दरमहा 992 युरो हाती येतात. पहिल्याच महिन्यात अनामत, विमा व सत्रशुल्क ही सर्व एकदम अंगावर येतात, म्हणून थोडी रक्कम निराळी ठेवावी.

घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करणे बंधनकारक आहे. कसूर झाल्यास 1,000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. जो मालक खोली देतो परंतु दाखला देण्यास कां-कू करतो, त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण बँक, विमा, करक्रमांक व निवासपरवाना हे सर्व त्या एका नोंदणीवर उभे असते. टपालपेटीवर आपले आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवावे. पेटीवर नाव नसेल तर टपालवाला पत्र टाकीत नाही, परत पाठवितो. पत्ता बिनचूक असूनही परत गेलेल्या अशा पत्रांत विम्याचे व परकीयांच्या कचेरीचे कागद असतात.

अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूस कायद्याने हक्क आहे. किल्ल्या घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा यादीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. दूरदर्शनसंच असो वा नसो, दर घरामागे महिना 18.36 युरो प्रसारणशुल्क द्यावेच लागते. तिघे एकत्र राहत असल्यास एकाने भरून तिघांनी वाटून घ्यावे.

वयाची तीस वर्षे पूर्ण होईपर्यंत सार्वजनिक आरोग्यविमा विद्यार्थी-दराने मिळतो. खासगी विमा स्वस्त दिसला म्हणून सार्वजनिक विम्यातून सूट मागू नये. एकदा घेतलेली ही सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही.

दुसरे गृहस्थ, ज्यांनी आपल्या शहराचे नाव छापू नये अशी विनंती केली आहे, लिहितात :

मला सूचना करावयाच्या नाहीत. मला जे भोगावे लागले ते सांगावयाचे आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी एका शहरातून दुसऱ्या शहरात गेलो, आणि माझे दप्तर जुन्या शहरातील परकीयांच्या कचेरीतच राहिले. नवी कचेरी म्हणे, दप्तर आल्यावाचून परवान्याचे नूतनीकरण होणार नाही. जुनी म्हणे, नवीने मागितल्यावाचून आम्ही पाठविणार नाही. भेटीची वेळ मागावी तर ती महिनोन्‌महिने मोकळी नसे, आणि वेळेवाचून दारात उभे राहिलो तर पहारेकरी अदबीने, परंतु ठामपणे, परत पाठवी. घरी अखाजीला बहिणी माहेरी आल्या, आणखी एका बहिणीचे लग्न ठरले, त्याला मी जाऊ शकलो नाही; परवान्याची मुदत संपलेली, हाती दुसरा कागद नाही, गेलो असतो तर परत येता आले नसते. त्या कचेरीतील कोणी मला अपशब्द बोलले नाही. परंतु सौजन्याने केलेल्या उपेक्षेचा आघात किती खोल जातो हे मी तेथे अनुभवले, आणि ज्या देशाची शिस्त जगभर वाखाणली जाते तेथे परदेशी मुलाच्या आयुष्यातील महिने असे वाया जावेत हे मला आजही अन्यायाचे वाटते. तरुणांस एवढेच सांगतो, की मुदत संपण्यापूर्वी लेखी अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना अंमलात राहतो. तसा तात्पुरता दाखला, ‘फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग’, हक्काने मागून घ्यावा, आणि अर्ज पोचल्याची पावती जपून ठेवावी.

म्युनिकजवळ राहणाऱ्या एक भगिनी लिहितात :

मुलांनो, तुमच्या आधी या देशी आपली माणसे येऊन गेली आहेत. दिनकर धोंडो कर्वे यांनी लाइपझिग येथे रसायनशास्त्रात आणि इरावतीबाईंनी बर्लिन येथे मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, ती जर्मन भाषा आत्मसात करून. तुमचे वर्ग इंग्रजीत चालत असले तरी जर्मन शिका. ज्या घरात राहता त्या घरची भाषा न शिकणे हा त्या घराचा अनादर आहे. आणि आपली अहिराणीही टाकू नका. आईशी फोनवर मराठी-इंग्रजीची खिचडी बोलणारी मुले पाहिली की माझा जीव तुटतो.

सामानात लाल तिखट, काळा मसाला, कळण्याचे पीठ, उडदाची डाळ खुशाल आणा. तूप, पेढे, खवा आणू नका; दुधाचे व मांसाचे पदार्थ बाहेरून आणण्यास येथे बंदी आहे. शेवभाजीची फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडा, कारण छताला धुराची घंटा असते.

श्रावणात आम्ही कानबाई बसवितो. रविवारी स्थापना आणि रात्री जागरण. परंतु रात्री दहानंतर येथे शांतता पाळावी लागते, म्हणून आधीच जिन्यात चिठ्ठी लावून शेजाऱ्यांस कळवितो आणि पुढची गाणी खालच्या आवाजात म्हणतो. सोमवारी कामावर जावयाचे असते, म्हणून पहाटेच घरच्या पाण्यात विसर्जन करतो. रोट भाऊबंदकीबाहेर देऊ नये, असा माझ्या सासूबाईंचा दंडक होता व तो मी पुष्कळ वर्षे पाळला. आता खानदेशातून आलेला प्रत्येक विद्यार्थी मी भाऊबंदांत धरते. देव्हाऱ्यापुढे बसून जेवणाऱ्या मुलाची जात-कूळ विचारणे मला पाप वाटते, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या घरी वेगळे करावे.

नोकरीविषयी तिघांपैकी कोणी लिहिले नाही, म्हणून आम्ही एवढेच नमूद करतो, की शिकत असताना वर्षाकाठी 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. जिवावरचा प्रसंग आल्यास 112, पोलिसांसाठी 110, आणि रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशी साध्या दुखण्यासाठी डॉक्टर हवा असल्यास 116117, हे क्रमांक खोलीच्या दारामागे लिहून ठेवावेत.