पाऊलवाट, गाडीवाट आणि हौशी मोटारगाड्या

गेल्या कांहीं वर्षांत कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढें एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. शनिवार-रविवारीं, विशेषतः आषाढ-श्रावणांत, मुंबई-पुण्याकडील हौशी मंडळी चारहि चाकांस इंजिनाचा जोर असलेल्या जीपगाड्या आणि जाड टायरांच्या मोटारसायकली घेऊन येतात, डांबरी सडक सोडतात, आणि माळावरून, ओढ्यांतून, बैलगाडीच्या चाकोरीनें डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातात. चिखल जितका खोल तितकी मौज अधिक, असा या खेळाचा नियम दिसतो. खेळच वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या वाटेवर तो चालतो ती वाट कोणाची व तिच्यावर कोणाचा काय हक्क, हें शेतकऱ्यास नीट ठाऊक नसतें. म्हणून तो एक तर मुकाट्यानें सोसतो, नाहीं तर एके दिवशीं संतापून वाटेवर आडवा चर खणतो. हे दोन्ही मार्ग अखेर त्याच्याच अंगावर येतात.

प्रथम नुकसानीचा विचार करूं. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि भाताचें सारें पीक बांधाच्या आधारानें उभें असतें. जीपच्या चाकानें एक बांध फुटला तर केवळ त्या खाचराचें पाणी जात नाहीं. खालच्या खाचरांत वरची माती उतरते, नुकतीं लाविलेलीं रोपें गाडलीं जातात, आणि तो खालचा शेतकरी बहुधा दुसराच असतो. भांडण मग दोन शेजाऱ्यांत लागतें, आणि गाडीवाला तोंवर मुंबईस पोंचलेला असतो. वरकस जमिनीवर तर चाकांची चाकोरी उतारास उभी पडली कीं पुढच्या सरींत तिचा ओहळ होतो, आणि नाचणी-वरीची पातळ माती त्या ओहळानें नदीस जाते.

शहरांतील माणसास आणखी एक भ्रम असतो. भात कापल्यावर खाचर ओसाड पडलें असें त्यास वाटतें. आपणांस ठाऊक आहे कीं त्याच ओलीवर वाल पेरलेला असतो, आणि कोवळा वाल दुरून दिसतहि नाहीं. भिवपुरीच्या वीजघरांतून सुटणारें पाणी राजनाल्यानें ज्या गांवांस मिळतें तेथें उन्हाळी भातहि होतें. तात्पर्य, रिकामें दिसणारें शेत रिकामें असतेंच असें नाहीं. हें त्या मंडळींस सांगितल्यावांचून कळणार नाहीं.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, मग वाट बंदच करावी. येथेंच थांबून विचार केला पाहिजे. आपल्या शेतांच्या मागें डोंगराच्या कुशींत ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. त्यांचा बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, सारें आपल्या बांधावरून जाणाऱ्या पाऊलवाटेवर अवलंबून असतें. खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या कुशींतील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली तेव्हां वर जाण्यास मोटाररस्ता नव्हता. मदत करणारे भर पावसांत पायवाटेनें चढले, आणि माती उपसण्याचीं यंत्रें वर पोंचूं शकलीं नाहींत. ज्या वाटेस आपण क्षुल्लक समजतों ती कोणासाठीं केव्हां प्राणाची वाट होईल हें सांगतां येत नाहीं. जीपवाल्यावरील रागानें खणलेल्या चरांत प्रथम पाय पडावयाचा तो मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईचा. जीपवाला दुसरी वाट शोधतो.

आतां कायद्याकडे वळूं. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली, म्हणून या भागावर थोडे अधिक लिहितों.

आपल्या शेतांतून जाणारी वाट कोणत्या जातीची आहे हें प्रथम गांवनकाशावर पाहावें. एका तुटक रेषेनें पाऊलवाट व दुहेरी तुटक रेषांनीं गाडीवाट दाखविण्याची वहिवाट आहे. पाऊलवाटेची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीवाटेची साडेसोळा फुटांपासून पुढें धरितात. मग सातबारा पाहावा. पोटखराबा वर्ग ‘ब’ म्हणून जें क्षेत्र दाखविलेलें असतें त्यांत रस्ता किंवा मान्य पाऊलवाट यांखालील जमीन येते, आणि तिच्यावर आकार बसलेला नसतो. असें क्षेत्र आपल्या नंबरांत असेल तर तें नांगरण्याचा किंवा अडविण्याचा विचार सोडून द्यावा. नकाशावर सार्वजनिक गाडीरस्ता असेल तर त्यावरून जीपहि जाणारच. तेथें आपली तक्रार गाडी रस्ता सोडून शेतांत शिरली एवढ्यापुरतीच चालेल. हें कित्येकांस कडू वाटेल, पण खरें आहे.

नकाशावर कांहींच नसेल तर प्रश्न वहिवाटीचा उरतो, आणि तो १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें सुटतो. शांतपणें, उघडपणें, हक्क म्हणून आणि खंड न पडतां वीस वर्षें चाललेल्या वहिवाटीनें दुसऱ्याच्या जमिनींतून जाण्याचा हक्क मिळतो. जमीन सरकारची असल्यास तीस वर्षें लागतात. मात्र हा हक्क माणसास नव्हे, जमिनीस चिकटलेला असतो. पलीकडे ज्याचें शेत वा घर आहे त्यास तो मिळूं शकेल. केवळ हौसेसाठीं येणाऱ्यास, ज्याची पलीकडे वीतभर जमीन नाहीं, मिळत नाहीं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, एका प्रकारच्या वाटेच्या हक्कांत दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाहीं. समजा, आपल्या नंबरांतून वरच्या वाडीचे लोक तीस वर्षें पायीं व गुरें घेऊन जात आहेत. त्यांचा हक्क पक्का झाला. परंतु त्या हक्काच्या आडून जीप नेतां येत नाहीं. म्हणजे पायीं जाणाऱ्यास मोकळीक आणि मोटारीस मज्जाव, हें दोन्ही एकाच वाटेवर कायद्यानें शक्य आहे. बांधाच्या दोन्ही अंगांस दगडी खांब असे पुरावे कीं मधून माणूस, गुरूं व डोक्यावरील मोळी सुखानें जाईल, जीप जाणार नाहीं. मोटारसायकल शिरेल हें खरें. तिच्यासाठीं पाटी व शब्द हेच उपाय. मात्र खांब पुरण्यापूर्वीं नकाशा पाहिलाच पाहिजे.

कारण वाट अडविणाऱ्यासहि कायदा सोडीत नाहीं. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमान्वयें, वहिवाटीचा रस्ता अडविल्यास ज्याची अडचण झाली त्यास सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दाद मागतां येते. शेतावर जाण्यास रस्ताच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखालीं बांधावरून रस्ता मागतां येतो. अलीकडे शेतघरें बांधणारे नवे मालक चौफेर तारेचें कुंपण घालून जुन्या वाटा गिळतात, त्यांच्याविरुद्धहि हींच कलमें उपयोगीं पडतात. जीपवाल्यांवर आपण जितका आवाज चढवितों तितका या कुंपणांवर चढवीत नाहीं, हें आम्हांस नवल वाटतें.

फौजदारीचा धाकहि जपून घालावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३२९ व्या कलमाप्रमाणें केवळ जमिनींत पाय ठेवल्यानें गुन्हा होत नाहीं. अपराध करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतु लागतो. बांध फोडला, पीक तुडविलें, तर तो नुकसानीचा प्रश्न वेगळा. अशा वेळीं वादावादी न करितां गाडीचा क्रमांक टिपावा, छायाचित्र घ्यावें व त्याच दिवशीं दोन पंचांसमक्ष नुकसानीचा पंचनामा लिहवून ठेवावा. आणि वाट राखीव वनांतून जात असेल तर आपण परवानगी देणारे कोणीच नव्हे. १९२७ च्या वन कायद्यानें तो अधिकार वन खात्याचा आहे.

आपल्या खासगी वाटेवर मात्र परवानगी हें मोठें साधन आहे. पुष्कळांस भीति वाटते कीं एकदां जाऊं दिलें तर कायमचा हक्क होईल. खरें तें उलट आहे. परवानगीनें केलेला वापर हक्क म्हणून केलेला नसतो, म्हणून तो पिकून हक्क होत नाहीं, आणि परवानगी साधारणतः परत घेतां येते. घातक आहे तें मौन. तेव्हां वाटेच्या तोंडाशीं पाटी लावावी: ही वाट खासगी आहे, पायीं जाणाऱ्यांस मोकळी आहे, मोटारीनें मालकास विचारून जावें, पावसाळ्यांत मोटार बंद. सर्व मालकांनीं ग्रामसभेंत विचार करून एकच पाटी लाविली तर उत्तम. एकानें बंद केलें व दुसऱ्यानें पैसे घेऊन सोडलें तर तिसऱ्याचा बांध फुटतो.

हौशी मंडळींतहि समजुतीचे लोक आहेत. शिवाय आपलेच मुलगे-पुतणे नोकरीनिमित्त शहरांत राहून अशा गाड्या घेऊं लागले आहेत, त्यांस आपण सांगूं शकतों. मळलेली चाकोरी सोडूं नये, ती चिखलाची असली तर बगल देऊन ती रुंद करूं नये, ओल्या जमिनीवर जाऊं नये, कवाडी उघडली तर लावून घ्यावी, आणि प्रथम घरापाशीं उतरून विचारावें. वाट बंद झाली तर त्यांचाहि खेळ तेथेंच संपतो.

परदेशांतहि हाच वाद झाला. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानें लोकांस इतरांच्या जमिनींवरून पायीं, सायकलनें वा घोड्यावरून जाण्याचा विस्तृत हक्क दिला, पण मोटारीस त्यांतून वगळलें. इंग्लंड व वेल्स येथें २००६ च्या कायद्यानें, कांहीं अपवाद सोडून, नकाशावर नोंद न झालेल्या वाटांवरील मोटारीचे जुने हक्क संपविले. ज्याची नोंद होती तें टिकलें. घराजवळ माथेरान आहे. तेथें मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात.

नोंदीचा प्रश्न आपल्याकडेहि आतां निकडीचा आहे. मे २०२५ मध्यें राज्य शासनानें शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत व त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत व्हावी असें ठरविलें. ट्रॅक्टर व मळणीयंत्र यांच्यासाठीं तें आवश्यकच आहे. पण ज्या रस्त्यानें ट्रॅक्टर जाईल त्यानें जीपहि जाईल, म्हणून रस्ता कोणासाठीं व कोठवर, हें अर्जांतच लिहावें, आणि वाडीची पाऊलवाट पाऊलवाट म्हणूनच वेगळी दाखवून घ्यावी. गांवनकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कचेरींत मिळते. ती काढून, तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, व वाडीचे दोन जाणते यांस बरोबर घेऊन वाट एकदां पायीं चालून पाहावी. हें काम चैत्र-वैशाखांत उरकावें; लावणी सुरू झाल्यावर बांधावर उभें राहण्यास कोणासच सवड नसते.