फवारणी करणाऱ्या मजुरासाठीं संरक्षक साधनांची निवड

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. कपाशी पुरुषभर उंच वाढलेली, आणि पुष्कळांपाशीं संरक्षक साधनें मुळींच नव्हतीं. असा प्रसंग पुन्हां येऊं नये म्हणून साधनें कशीं निवडावीं, हें प्रत्येक बागाइतदारानें व जिराइतदारानें समजून घेणें अगत्याचें आहे.

नाकाला रुमाल बांधला म्हणजे झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची होय. फवारणाऱ्याच्या शरीरांत बहुतेक विष कातडीवाटे भिनतें. औषधानें भिजलेला सदरा अंगावर ठेवणें म्हणजे विषाचें पोटीस बांधणेंच होय. म्हणून आधीं कातडीचा बंदोबस्त करावा.

डब्यावरील खूण. चौकोनी चिन्हाच्या खालच्या भागाचा रंग पाहावा. तांबडा सर्वांत विषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. कोणतीं साधनें वापरावीं, हें माहितीपत्रकांत वाचावें व मजुरास वाचून दाखवावें.

हातमोजे. नायट्राइल रबराचे, अस्तर नसलेले व मनगटाच्या बरेच वर पोंचणारे घ्यावे. सुती व कातड्याचे मोजे विष शोषून धरतात. पाणी भरून दाबल्यास भोंक कळतें. उंच पिकावर हात वर करून फवारतांना मोजा बाहीच्या बाहेर ठेवावा, नाहींतर ओघळ आंत उतरतो; ठेंगण्या पिकांत बाही मोज्यावर घ्यावी.

कपडे व बूट. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार व रबरी बूट असावे. विजार बुटाच्या बाहेर सोडावी. औषध कालवितांना तें निर्भेळ असतें, म्हणून त्या वेळीं रबरी अंगरक्षक व डोळ्यांस बंद चष्मा अवश्य पाहिजे. पाठीवरचा पंप गळत असल्यास तो आधीं दुरुस्त करावा.

मुखवटा. धुळीचा मुखवटा वाफ अडवीत नाहीं. पत्रकांत श्वसनरक्षक सांगितला असल्यास सेंद्रिय वाफ शोषणारी डबी व तुषार अडविणारी गाळणी, अशीं दोन्ही असलेला घ्यावा. तो गालांस घट्ट बसला पाहिजे. दाढी असल्यास बसत नाहीं. औषधाचा वास आंत येतांच शेताबाहेर पडून डबी बदलावी.

उकाड्यानें मजूर साधनें काढून ठेवतो, यांत सगळा दोष त्याचा नव्हे. भर दुपारीं काम सांगूं नये. शेतावर पाणी व साबण ठेवावा. संरक्षक कपड्यांची तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही आहे. तो खर्च मालकानें औषधाच्या खर्चांतच धरावा; मजुराच्या रोजांतून कापूं नये.

एवढें करूनही फार घाम, लाळ, अंधुक दृष्टि किंवा धाप दिसल्यास काम थांबवावें, भिजलेले कपडे काढून अंग साबणानें धुवावें आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.