इअरबड्स, इंटरव्ह्यू आणि हरवलेला 'स'

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. मराठीत लेख लिहायचा म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घ तपासायला अजूनही रूममेटकडे जावं लागतं (हाही लेख त्यानेच तपासला आहे, चुका राहिल्या असतील तर त्याच्या!). पण इंग्रजी उच्चारांच्या बाबतीत मात्र आपली कॉलर ताठ. शाळेत इलोक्यूशनचं बक्षीस सलग दोन वर्षं माझंच होतं. म्हणूनच गेल्या वर्षी एका ऑनलाइन इंटरव्ह्यूमध्ये पॅनेलवरचे सर तिसऱ्यांदा "प्लीज स्पीक क्लिअरली" म्हणाले, तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना.

इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता. रूम झाडून घेतली होती. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा आणि कानात नवे कोरे वायरलेस इअरबड्स. पहिलाच प्रश्न, आवडता विषय कोणता? मी म्हणालो, "डी.एस.पी., सर." तिकडून आलं, "डी.एफ.पी.? व्हॉट इज दॅट?" मी पुन्हा सांगितलं, त्यांना पुन्हा तेच ऐकू गेलं. मग सॅम्पलिंग थिअरमवर प्रश्न आला. उत्तर मला पाठ होतं हो! पण अर्ध्या उत्तरावरच "तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय" असं ऐकावं लागलं. बारा मिनिटांत सगळं आटोपलं आणि आठवड्याभरात नकाराची मेल आली.

पुढचे दोन महिने मी हेच धरून बसलो होतो की दोष आपल्या बोलण्यातच आहे. वर्गात शंका विचारणंसुद्धा बंद केलं. खरं कारण कळलं ते लॅबमध्ये, तेही अपघातानेच.

लॅबमधला शोध

मिनी-प्रोजेक्टसाठी माझाच आवाज रेकॉर्ड करायचा होता. तोच लॅपटॉप, तेच इअरबड्स. रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रोग्राम काढला तर ४ किलोहर्ट्झच्या वर कोरी पाटी! मला वाटलं, कोडमध्ये लो-पास फिल्टर राहून गेला. म्हणून लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर तोच परिच्छेद वाचला, तर वरचा भाग भरलेला. मग लॅबमधल्या काकांनी कपाटातून एक जुना वायरचा हेडसेट काढून दिला. त्याच्यावरही सगळं ठीक. म्हणजे फिल्टर माझ्या कोडमध्ये नव्हता, माझ्या कानात होता!

आता ४ किलोहर्ट्झच्या वर असतं तरी काय? स्वर बहुतेक खालीच असतात. पण 'स', 'श', 'फ' यांसारख्या घासून येणाऱ्या व्यंजनांची बरीचशी ओळख वरच्या भागात असते. तो भाग कापला की 'स' आणि 'फ' जुळे भाऊ होतात. 'डी.एस.पी.'ची 'डी.एफ.पी.' का झाली, ते आता लक्षात आलं ना?

पण कापतं कोण?

इथे ब्लूटूथचे 'प्रोफाइल' समजून घ्यावे लागतात. प्रोफाइल म्हणजे कोणत्या कामासाठी कोणत्या नियमांनी बोलायचं, याचा करार. आपल्या नेहमीच्या इअरबड्समध्ये असे दोन करार असतात.

पहिला ए-टू-डी-पी. हा गाण्यांसाठी. आवाज स्टिरिओ, दर्जा चांगला, पण वाट एकेरी. लॅपटॉपकडून कानाकडे आवाज येतो, कानाकडून लॅपटॉपकडे काहीच जात नाही.

दुसरा एच-एफ-पी, म्हणजे हँड्स-फ्री प्रोफाइल. हा मोबाइलवर बोलण्यासाठी केलेला. यात वाट दुहेरी आहे, पण अरुंद. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा आणि त्यासाठी सेकंदाला ८००० नमुने पुरायचे. हँड्स-फ्रीची पहिली व्यवस्था त्याच मापाने शिवलेली आहे. नायक्विस्टचा नियम आपल्याला माहीतच आहे: ८००० नमुने घेतले तर ४००० हर्ट्झच्या वरचं काही टिकत नाही. कोरी पाटी बरोबर तिथूनच सुरू झाली होती.

गंमत म्हणजे, इअरबड्सचा माइक सुरू झाला की लॅपटॉप पहिला करार सोडून दुसऱ्यावर जातो. म्हणून कॉल सुरू होताच आपल्यालाही समोरच्याचा आवाज एकदम डबक्यात पडल्यासारखा ऐकू येतो. आपण नेटला शिव्या देतो. नेट बिचारं कित्येकदा निर्दोष असतं.

एस.टी. आणि वडाप

"मग बोलण्यासाठी रुंद वाट का नाही दिली?" असं कुणी विचारेल. थोडं गणित करू. ब्लूटूथचा वेळ ६२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत वाटलेला असतो. जुन्या व्यवस्थेत आवाजाचं एक पॅकेट (प्रकार एच-व्ही-३) दर सहा तुकड्यांनी, म्हणजे दर ३.७५ मिलिसेकंदांनी निघतं. त्यात ३० बाइट्स, म्हणजे २४० बिट्स असतात. २४० ला ०.००३७५ ने भागा. सेकंदाला ६४,००० बिट्स! याउलट सी.डी.चा मूळ आवाज ४४,१०० × १६ × २, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट्स. गाण्यांच्या करारात तो दाबून पाठवतात, तरी चांगल्या सेटिंगला सेकंदाला सव्वातीन लाखांच्या आसपास बिट्स मिळतात.

मी हे असं लक्षात ठेवलं. आवाजाचं पॅकेट म्हणजे एस.टी. वेळ झाली की सुटणार, प्रवासी चढला तर चढला, राहिला तर राहिला. गाण्याचं पॅकेट म्हणजे वडाप. राहिलेल्या माणसाला हाका मारून परत बोलावणार, जीप भरणार, मगच निघणार. गाण्यात हा उशीर चालतो, कारण थोडं गाणं आधीच साठवून ठेवता येतं. जिवंत बोलण्यात साठवणार काय? समोरच्याने पुढचं वाक्य अजून उच्चारलेलंच नसतं!

यात सुधारणा झाल्या. २००३ साली आलेल्या ब्लूटूथ १.२ मध्ये राहिलेल्या आवाजाच्या पॅकेटलाही मर्यादित वेळा परत पाठवायची सोय झाली. २०११ च्या एच-एफ-पी १.६ मध्ये सेकंदाला १६,००० नमुन्यांचा 'एम-एस-बी-सी' कोडेक आला, म्हणजे पट्टा दुप्पट झाला. पण तो लॅपटॉप आणि इअरबड्स दोघांनाही यायला हवा. एकाला येत नसेल तर दोघं मुकाट्याने जुन्या मापावर उतरतात आणि स्क्रीनवर तसं कुठेही लिहून येत नाही. माझं नेमकं हेच झालं होतं.

आता करायचं काय?

हॉस्टेलवर आजमावलेले उपाय देतो. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

१) कान इअरबड्सचे, तोंड लॅपटॉपचं. मीटिंगच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून इअरबड्स आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. इअरबड्स चांगल्या करारावर राहतात आणि आपला आवाज पूर्ण जातो. स्पीकर कानातच असल्याने प्रतिध्वनीची भीतीही नाही. मात्र लॅपटॉप जवळ ठेवा, पंखा बारीक करा आणि रूममेटला चहाला पाठवा. या पद्धतीत ऐकायला थोडा उशीर होतो. बोलण्यात एकेरी उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आय.टी.यू.ची शिफारस आहे, आणि गाण्यांचा करार एकटाच त्यातला बराच हिस्सा खाऊ शकतो. म्हणून समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास घ्या, मग बोला. त्याने माणूस विचारी वाटतो, हा वरचा फायदा!

२) विंडोज १० मध्ये एकच इअरबड्स दोन नावांनी दिसतात. 'स्टिरिओ' लिहिलेलं नाव ऐकण्यासाठी निवडा, 'हँड्स-फ्री' लिहिलेलं टाळा.

३) इंटरव्ह्यूच्या वेळी मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. बरेच इअरबड्स एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेले राहतात. माझ्या मित्राचा व्हायवा ऐन रंगात असताना त्याच्या आईचा फोन आला, इअरबड्स मोबाइलकडे पळाले आणि सरांच्या प्रश्नाऐवजी त्याला ऐकू आलं, "जेवलास का रे?"

४) शक्य असेल तर नेट लॅन केबलने घ्या, नाहीतर ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनेल्सवर सेकंदाला १६०० उड्या मारत चालतं. त्याच पट्ट्यात वाय-फायचा एकेक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा अडवतो. हॉस्टेलच्या एका मजल्यावर किती हॉटस्पॉट चालू असतात ते आठवा. उड्या मारायला मोकळी जागा उरणार कुठे?

५) सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे साधा वायरचा हेडसेट. दिसायला जुनाट, पण त्याला ना प्रोफाइल ना चार्जिंग. शिवाय माइक तोंडाजवळ राहतो. इअरबड्सचा माइक कानाजवळ असतो, त्याला आपल्या आवाजाइतकाच डोक्यावरचा पंखाही प्रिय!

नवं काय येतंय?

ब्लूटूथच्या संस्थेने २०२० च्या जानेवारीत 'एल-ई ऑडिओ' जाहीर केला आणि २०२२ मध्ये त्याची मानकं पूर्ण झाली. त्यातला 'एल-सी-३' कोडेक कमी बिट्समध्ये जास्त चांगला आवाज देतो, आणि बोलणं व ऐकणं दोन्ही दिशांना दर्जा राखता येतो. पण इथेही अट तीच, लॅपटॉप आणि इअरबड्स दोन्हीकडे सोय हवी. खरेदी करताना खोक्यावर नुसता ब्लूटूथचा आकडा बघून भुलू नका, 'एल-ई ऑडिओ' आहे का ते विचारा.

जाता जाता

त्यानंतर मी आणखी एक इंटरव्ह्यू दिला. काकांचा हेडसेट मागून आणला होता. आदल्या रात्री शेजारच्या रूममधल्या मित्राला टेस्ट कॉल केला, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला. दोन प्रश्न आलेच नाहीत, ते माझ्या अभ्यासाचं पाप. पण "क्लिअरली बोल" असं एकदाही कुणी म्हणालं नाही. रिझल्ट? वेटिंग लिस्ट!

ज्युनिअर्सना एवढंच सांगतो. मी हरलो असतो तर उत्तर न आल्यामुळे हरायला हवं होतं. प्रश्न आला सॅम्पलिंग थिअरमवर, उत्तर येत होतं आणि ते अडवलं सॅम्पलिंग थिअरमनेच! त्यावरून मी दोन महिने स्वतःला दोष देत गप्प बसलो. तुम्ही बसू नका. आपला आवाज पलीकडे कसा पोचतो ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐका, आणि काही बिघडलं तर आधी सेटिंग तपासा, मग स्वतःला!