अंगणातील हरितगृह

हरितगृह म्हटले की बंगळूरच्या लालबागेतील काचघर अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. त्याची पायाभरणी १८८९ साली झाली आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस हा त्याचा आदर्श होता. १८५१ सालच्या त्या क्रिस्टल पॅलेसचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन हा मुळात बागाईतकाम करणारा होता, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. हरितगृह हे आधी माळ्याचे काम आहे. गवंडी आणि वेल्डर त्यानंतर येतात. प्रस्तुत पाठात आपण मात्र राजवैभवी काचघराचा नव्हे, तर अंगणात किंवा गच्चीवर मावेल अशा तीन मीटर रुंद व चार मीटर लांब हरितगृहाचा विचार करणार आहोत.

हरितगृह आतून का तापते? सूर्यप्रकाश पारदर्शक छतातून आत येतो, जमीन व झाडे तापतात आणि त्यांच्या उष्णतेचे किरण काचेतून बाहेर पडू शकत नाहीत, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते पूर्ण नाही. १९०९ साली आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काचेचे झाकण होते. दुसरीवर सैंधवाचे, ज्यातून उष्णतेचे किरण सहज निसटतात. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. याचा अर्थ असा की हरितगृहाच्या उबेचे मुख्य कारण कोंडलेली हवा हे आहे. तापलेली हवा वर जाऊन निघून जाऊ शकत नाही, म्हणून आत ऊब साठते.

हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. माझे पहिले हरितगृह मी चारी बाजूंनी घट्ट बंद केले होते आणि त्या बंदिस्तपणाचे मला कौतुकही वाटत होते. एप्रिलमधील एका दुपारी दार उघडले, तेव्हा टोमॅटोची दोनशे रोपे माना टाकून पडलेली दिसली. पाणी भरपूर होते. वाट नव्हती ती हवेला. म्हणून आराखडा काढतानाच खालच्या बाजूस आणि छताच्या कण्याजवळ झडपा योजाव्यात. त्यांचे एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक पंचमांश असावे. आपल्या बारा चौरस मीटरच्या घराला जवळपास अडीच चौरस मीटर झडपा लागतील. हा आकडा ऐकून नवशिका दचकतो, परंतु भारतातील बहुतेक प्रदेशांत थंडीपेक्षा उकाड्याचेच संकट मोठे आहे.

आता जागेची निवड. डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश, दिल्लीत ३८ अंश आणि लेहमध्ये ३२ अंश उंचीवर असतो. दक्षिणेला तीन मीटर उंचीची भिंत असेल, तर तिची सावली पुण्यात पावणेतीन मीटर, दिल्लीत पावणेचार मीटरहून थोडी अधिक आणि लेहमध्ये पावणेपाच मीटरपर्यंत पसरते. जागा उन्हाळ्यात पाहून निश्चित केली, तर हिवाळ्यात हमखास फसगत होते. उत्तरेकडील भिंत मात्र त्रासदायक नसते. लडाखमध्ये तर उत्तरेला मातीच्या विटांची जाड भिंत बांधून केवळ दक्षिणेकडे पॉलिथिन लावतात. दिवसभर तापलेली भिंत रात्री आतील ऊब राखते. याउलट कोकणात छतावर पॉलिथिन आणि चारी बाजूंना जाळी एवढेच पुरते.

गच्चीवर बांधणाऱ्यांनी प्रथम वजनाचा हिशेब करावा. वापरात असलेली घराची गच्ची सामान्यतः प्रति चौरस मीटर दीडशे किलो अतिरिक्त भाराच्या हिशेबाने आखलेली असते. पंधरा सेंटिमीटर ओल्या मातीच्या थराचेच वजन प्रति चौरस मीटर अडीचशे किलोच्या आसपास भरते! म्हणून तेथे मातीऐवजी कोकोपीट व कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरावे, कुंड्या तुळयांवर व भिंतींलगत ठेवाव्यात आणि जुन्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून काम सुरू करू नये.

आखणी फक्की टाकून करावी. तीन बाय चारचे माप घेण्यात एक सोय आहे: दोन्ही कर्ण बरोबर पाच मीटर भरले, की चारही कोन काटकोन झाले असे समजावे. जमिनीवर सांगाड्याचे जीआय पाइप काँक्रीटमध्ये किमान साठ सेंटिमीटर खोल रोवावेत, कारण वळवाचा वारा घराला आडवा पाडण्यापेक्षा वर उचलू पाहतो. छतासाठी अतिनील किरणांना टिकणारा दोनशे मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा कागद घ्यावा. तो साधारण तीन वर्षे टिकतो. साधा कागद एका उन्हाळ्यातच कुरकुरीत होऊन फाटतो. तापलेल्या पाइपाला टेकलेला भाग आधी झिजतो, म्हणून पाइपांना वरून पांढरा रंग द्यावा.

झडपांना कीटकरोधक जाळी लावल्याने मावा, पांढरी माशी यांना आळा बसतो. पण त्याबरोबर मधमाश्याही बाहेरच राहतात. भोपळ्याला फुले भरपूर आली आणि फळ एकही धरले नाही, तर खताला दोष देऊ नये. सकाळी नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखता येते. टोमॅटोला एवढा उपद्व्याप लागत नाही. फुलोरा हलवला तरी काम भागते.

कृती : तुमच्या गच्चीवर अथवा अंगणात एक मीटर उंचीची काठी उभी करा. डिसेंबर महिन्यात सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता तिची सावली मोजून वहीत नोंदवा. त्यावरून हरितगृहासाठी कोणती जागा निवडाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.